बेचाळीसातून पंधरा

विक्षिप्त हा शब्द बाईंच्या बाबतीत मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या साहेबांकडून. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी काचेच्या पार्टिशनपलीकडे बोट दाखवून सांगितलं, की त्या बाई जरा विक्षिप्त आहेत, सांभाळून घ्यायचं. मी मान डोलावली. आता कुणी कुणाला विक्षिप्त म्हटलं, की मला आधी म्हणणाऱ्याचं तोंड नीट बघावंसं वाटतं.

बाईंचा विक्षिप्तपणा काय होता ते सांगते. ऑफिसात चाकांच्या खुर्च्या होत्या, पण बाई घरून आणलेल्या लाकडी स्टुलावर बसायच्या. डबा बरोबर साडेअकराला उघडायच्या, कारण चौदा वर्षं कारखान्यात पहिल्या पाळीला तीच जेवायची वेळ होती. डाव्या हातात बांगड्या नसायच्या. त्या जागी एक पट्टा असायचा, त्याला वायर, आणि वायरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला चिमट्याने लावलेलं. अंगातल्या विजेने चिप मरू नये म्हणून कारखान्यात घालायला लावायचे तो पट्टा. कारखाना बंद पडला तरी बाईंनी तो सोडला नाही. कधी कधी पट्टा तसाच हातात ठेवून त्या घरी जायच्या, आणि वर्तकनगरातल्या शेजारणी विचारायच्या, की हा बीपीवर गुण देतो का. बाई हो म्हणायच्या. समजावत बसायला वेळ नाही, असं त्यांचं म्हणणं.

शिक्षण मॅट्रिक, पुढे आयटीआयचा कोर्स. ठाण्यातल्या एका कारखान्यात त्या इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासायच्या. टाळेबंदी झाली ती उठलीच नाही, आणि चाळिशी उलटलेल्या बाई आमच्याकडे आल्या. आम्ही डिग्रीवाली पोरं त्यांच्यापेक्षा जास्त पगार घ्यायचो, आणि अडलो की त्यांच्याच स्टुलापाशी जाऊन उभे राहायचो. याची लाज तेव्हा कुणालाच वाटली नाही. मलाही नाही.

आमचं ऑफिस नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या बऱ्याच कारखान्यांनी दहाएक वर्षांपूर्वी हौसेने कम्प्युटर घेतले होते. आता ते मरायला टेकले होते. सुटे भाग मिळत नव्हते, आणि त्यांवरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक कुठल्या कुठे निघून गेले होते. प्रोग्रॅम मात्र उपयोगाचे होते, रोज लागायचे. मग आम्ही एक सॉफ्टवेअर तयार केलं. ते नव्या कम्प्युटरवर टाकलं, की नवा कम्प्युटर जुन्यासारखा वागायचा आणि जुना प्रोग्रॅम आहे तसा चालायचा. बाई त्याला ‘सोंग’ म्हणायच्या. सॉफ्टवेअर सुरू केलं की पडद्यावर एक यादी यायची: कुठल्या प्रोसेसरचं सोंग घेऊ? प्रोसेसर म्हणजे त्या जुन्या मशीनचा मेंदू. यादीतून एक निवडायचा.

त्या यादीत कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं नाही, हे बाई ठरवायच्या. सगळा तंटा तिथे होता.

बाईंचा नियम असा, की खरी चिप हातात आल्याशिवाय तिचं नाव यादीत जाणार नाही. त्यांनी स्वतः एक बोर्ड जोडला होता. त्यावर खरी चिप बसवायची, तिला येत असलेलं प्रत्येक गणित करायला लावायचं, तेच गणित आमच्या सोंगाकडून करून घ्यायचं, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापून फूटपट्टी लावून तपासायची. एक जरी उत्तर वेगळं आलं तरी सोंग दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून. “यादीत नाव आहे म्हणजे मी त्याला भेटलेय,” असं त्या म्हणायच्या. आम्हा पोरांपैकी कुणी येऊन सांगितलं की बाई, चालतंय, की त्यांचा एकच प्रश्न असायचा. “बघितलंस, की वाटतं?”

चिपा मिळवायला त्या कल्याणला पत्रीपुलाजवळच्या एका भंगारवाल्याकडे जायच्या. तो त्यांच्यासाठी जुने बोर्ड बाजूला काढून ठेवायचा. मी एकदा बरोबर गेले होते. बाई उलट्या खोक्यावर बसून भिंगातून एकेका चिपेवरचा नंबर वाचत होत्या, आणि भंगारवाला त्यांच्यासाठी चहा मागवत होता. एका चिपेवरचा नंबर कुणीतरी घासून पुसला होता. बाकी सगळं ठीक दिसत होतं. बाईंनी ती परत केली. मी म्हटलं, आकार तोच आहे, पाय तेवढेच आहेत, तीच असेल. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरले होते.

तर अशा रीतीने दोन वर्षांत यादीत नावं झाली दोन. साहेबांचा जीव वर-खाली व्हायला लागला. अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीच्या पत्रकात सात नावं होती. साहेब म्हणाले, की लोक यादीची लांबी बघतात. बाई म्हणाल्या, “मग त्यांना टेलिफोन डिरेक्टरी द्या.” सगळं ऑफिस हसलं, आणि साहेब हसले नाहीत.

त्याच सुमारास डोंबिवली एमआयडीसीतला एक कापड रंगवण्याचा कारखाना आमच्याकडे आला. त्यांच्या जुन्या मशीनमध्ये झेड-८० नावाचा प्रोसेसर होता. आमच्या यादीत त्याचा भाऊबंद होता, ८०८५. दोघांची बरीचशी भाषा एक. पण बाईंनी झेड-८० यादीत घेतला नव्हता, कारण त्यांना मिळालेल्या चिपेचा एक पाय तुटका होता. तिथे त्यांनी तारेचा तुकडा डाखला होता, आणि उत्तरं कधी बरोबर येत होती, कधी नाही. दुसरी चिप मिळेपर्यंत पंधरा दिवस द्या, असं त्यांनी साहेबांना सांगितलं आणि भाचीच्या लग्नाला तीन दिवस पेणला गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, दोन्ही सारखेच आहेत ना, मग ८०८५चंच काम पुढे वापर, झेड-८०च्या जादा आज्ञा पुस्तकात बघून घाल, आणि यादीत नाव टाक. मी विचारलं, बाईंना विचारू या का. साहेब म्हणाले, की डिग्री तुझ्याकडे आहे की त्यांच्याकडे.

हे ऐकून मला बरं वाटलं. हे लिहायला आज त्रास होतो, पण खरं तेच आहे. संध्याकाळपर्यंत मी काम उरकलं, यादीत तिसरं नाव लिहिलं, कारखान्याचा प्रोग्रॅम चालवून बघितला. चालला. साहेबांनी फ्लॉपी त्याच दिवशी पाठवली. बाई परत आल्यावर त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्या आपल्या नवी चिप शोधत राहिल्या.

महिन्याभराने कारखान्याचं पत्र आलं. त्यांना आमच्याकडून दाखला हवा होता, की आमचं सॉफ्टवेअर बिनचूक आहे. एका कामगाराची चौकशी चालू होती, त्यात लावायला. साहेबांनी पत्र बाईंच्या टेबलावर टाकलं. तपासणी त्यांच्याकडे होती, तर सही त्यांचीच शोभली असती. पत्राला त्या दिवशीची छापील पट्टी जोडली होती. टाकीत कॉस्टिक हवं बेचाळीस किलो. आधीच्या पाळीचं शिल्लक पंधरा. आणखी घालायचं तेहतीस.

बाई त्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मी समोरच बसले होते. बेचाळीसातून पंधरा गेले की सत्तावीस राहतात हे मलाही दिसत होतं.

“हे उत्तर ८०८५चं आहे,” बाई म्हणाल्या. “झेड-८० असं म्हणणारच नाही.”

मग त्यांनी मला सांगितलं ते पुस्तकात बारीक अक्षरांत होतं, मी वाचलं नव्हतं. बेरीज-वजाबाकी झाली, की उत्तर आपल्या दशमान आकड्यांत आणायला एक सुधारणा करावी लागते. आधी बेरीज झाली की वजाबाकी, हे झेड-८० लक्षात ठेवतो आणि त्याप्रमाणे सुधारतो. ८०८५ ते लक्षात ठेवत नाही, बेरीजच झाली असं धरून चालतो. बेरजा बरोबर येतात. वजाबाकी चुकते. कारखान्याच्या प्रोग्रॅममध्ये वजाबाकी एकाच ठिकाणी होती, आधीचा माल टाकीत शिल्लक असेल तेव्हा. महिनाभर तशी वेळ आली नव्हती.

बाईंनी विचारलं, यादीत नाव कुणी घातलं. मी म्हटलं, मी.

त्या ओरडल्या नाहीत. “तू नुसतं नाव लिहिलंस,” एवढंच म्हणाल्या, आणि पट्टी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. बाईंचं म्हणणं, की कारखान्याला आजच्या आज कळवा, चूक आमची आहे. साहेबांचं म्हणणं, की नवी फ्लॉपी पाठवू, विषय संपला, उगाच लेखी कशाला द्यायचं, बाकीचे ग्राहक पळतील. बाईंनी विचारलं, “आणि तो माणूस?”

साहेब म्हणाले, “तो आपला माणूस नाही.”

तो माणूस कोण होता ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं, कारण बाईंनी सही तर केली नाहीच, वर रजा टाकली आणि डोंबिवलीला निघाल्या. मी मागोमाग गेले. का गेले ते मला सांगता येत नाही. रिक्षात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण उतर असंही म्हणाल्या नाहीत.

सोनारपाड्याचा आगरी माणूस. पंचेचाळिशीचा, बारीक, डाव्या पायाला पट्टी बांधलेली. अठरा वर्षं त्या कारखान्यात वजनकाट्यावर होता. कारखाना उभा होता त्या जमिनीतला एक तुकडा त्याच्या आजोबांचा होता, आणि त्या तुकड्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली होती, ती याची. त्या दिवशी त्याने तेहतीस किलो तोललं, टाकीत घातलं, टाकी उकळून उतू गेली आणि ते कॉस्टिकचं जळजळीत पाणी त्याच्या गमबुटात शिरून पाय भाजला. आता ठपका त्याच्यावर होता, की याने वजनात हयगय केली.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्याने पुढे सांगितलं त्याचा. त्याला तो आकडा आधीच खटकला होता. “मी बोल्लो सुपरवायझरला, यो जास्ती हाय,” तो म्हणाला. “तो बोल्ला, कम्प्युटर सांगतं त्येच घाल. मंग मी घातला.” सुपरवायझर आता असं काही झालंच नाही म्हणत होता. आणि वर्षभरापूर्वी याच माणसाला लेखी मेमो मिळाला होता, स्वतःच्या अंदाजाने वजन केल्याबद्दल. काट्यावर पाटी लावलेली होती, संगणकाने दाखवलेलेच वजन करावे. डोकं चालवलं तर मेमो, नाही चालवलं तर चार्जशीट. त्याने करायचं तरी काय होतं, हे त्या कारखान्यात कुणी स्वतःला विचारलं नव्हतं.

चौकशी टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीत होती. बाईंना आत येऊ देत नव्हते. तास दीड तास त्या बाहेरच्या बाकावर बोर्ड मांडीवर घेऊन बसल्या. शेवटी चौकशी करणारे वकील चहाला बाहेर आले, तेव्हा बाईंनी त्यांना अडवलं आणि तिथेच बाकावर बोर्ड मांडला. आदल्याच दिवशी त्यांना दुसरी झेड-८० मिळाली होती. ती बसवून गणित घातलं, सत्तावीस आले. ती काढून ८०८५ बसवला, तेच गणित घातलं, तेहतीस आले. पाळी बदलायची वेळ होती, भोवती पंधरा-वीस कामगार जमले. 

वकिलांनी सगळं बघितलं. मग म्हणाले, की बाई, मला यातलं काही कळत नाही, आणि तुम्ही कंपनीच्या वतीने आलेल्या नाही. ज्याने हे नाव यादीत घातलं, त्याने लेखी द्यावं. तर मी कागदावर घेईन.

मी बाईंपासून दोन हातांवर उभी होते.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. आजपर्यंत मला वाटतं, की त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. सांगायचं होतं ते मीच सांगायला हवं होतं. मी पर्सचा बंद घट्ट धरून उभी राहिले. नवऱ्याची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती, घरी सासरे आजारी, अशी कारणं मी नंतर स्वतःला बरीच सांगितली. त्या वेळी मनात एकही कारण नव्हतं. नुसती भीती होती. वकील चहा पिऊन आत गेले. पंधरा दिवसांत त्या माणसाला कामावरून काढलं.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. त्यात त्यांनी दीड पान भरून काय घडलं ते लिहिलं होतं. साहेबांनी ते फाडलं आणि फाइलला टाइप केलेला दुसरा कागद लावला, प्रकृतीच्या कारणास्तव. मी बघितला तो कागद. बाईंची प्रकृती ठणठणीत होती. स्टूल त्या घेऊन गेल्या.

मी आठ महिने तिथेच काम करत राहिले. मग एक दिवस साहेबांनी नवं पत्रक छापून आणलं. यादीत सहा नावं, आणि खाली ठळक ओळ: प्रत्येक मॉडेल प्रत्यक्ष चिपवर तपासलेले. सहातली तीन तर अजून लिहायचीही होती, आणि ती मी लिहायची होती, आधीसारखीच, संध्याकाळपर्यंत. ज्या नियमासाठी बाईंना विक्षिप्त ठरवून घालवलं, तोच नियम आता जाहिरातीला वापरला होता, आणि तोही खोटा. माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. मी पत्रक साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की मी नाही लिहिणार. ते म्हणाले, तुलाही बाईंचं वारं लागलं का. मी खाली उतरले आणि सरळ त्या कामगाराच्या युनियनच्या वकिलांकडे गेले. चार पानी लिहून दिलं. कुणी सांगितलं, कुणी केलं, कुठल्या दिवशी.

खटला ठाण्याच्या लेबर कोर्टात उभा राहिला. तारखांवर तारखा. तो माणूस तेवढ्या काळात सोनारपाड्यात दुसऱ्याच्या तबेल्यात दूध घालायच्या कामाला होता. बाई वर्तकनगरात घरीच बसून जुन्या मशीनची दुरुस्ती करायच्या आणि प्रत्येक तारखेला बोर्ड घेऊन हजर असायच्या, साक्ष असो नसो. मी नमस्कार केला की त्या मान हलवायच्या. बोलायच्या नाहीत. मला वाटलं होतं, मी लिहून दिलं म्हणजे त्या काहीतरी म्हणतील. तो आठ महिन्यांचा उशीर त्यांनी मनातून पुसला नव्हता, आणि का पुसावा.

माझ्या साक्षीच्या दिवशी कारखान्याच्या वकिलाने विचारलं, की हे तुम्ही साहेबांच्या सांगण्यावरून केलं, म्हणजे तुमचा दोष नाही, असंच ना. मी म्हटलं, सांगितलं त्यांनी, केलं मी, आणि तपासलं कुणीच नाही.

अडीच वर्षांनी निकाल लागला. त्याला कामावर परत घ्यायचा हुकूम झाला. बाहेर आलो तेव्हा युनियनची माणसं त्याच्याशी हात मिळवत होती. तो सगळ्यांना बाजूला सारून बाईंकडे आला आणि म्हणाला, “बाई, जिकलो तं खरा. पन त्या तेहतीसचा मना अजून समजला नाय.”

बाई कोर्टाच्या आवारातल्या कट्ट्यावर बसल्या. पर्समधून पेन्सिल आणि कागद काढला. त्यांनी त्याला विचारलं, पूर्वी एका शेरात छटाक किती. तो म्हणाला, सोळा, माझा बाप भात तोलायचा. बाई म्हणाल्या, की मशीनही सोळानेच मोजतं. मग कितीतरी वेळ ती दोन डोकी त्या कागदावर वाकलेली होती. युनियनची माणसं निघून गेली. मी झाडाखाली थांबले होते, जावं की थांबावं ते न कळून.

शेवटी त्यानेच मला हाक मारली. “या हिकडं. तुमाला दाखवतो.”

मी जाऊन शेजारी बसले. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवून सांगायला लागला. बेचाळीस म्हणजे चार शेर दोन छटाक. त्यातून काढायचे पंधरा, म्हणजे एक शेर पाच छटाक. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून एक शेर फोडला, सोळा छटाक आले. सोळा आणि दोन अठरा, त्यातून पाच गेले, राहिले तेरा. दोन शेर तेरा छटाक. पण आपला हिशोब दहाचा, शेर फोडून दहाच घ्यायला हवे होते, आले सोळा. म्हणजे सहा आगाऊ. ते सहा काढले की तेराचे झाले सात. दोन आणि सात, सत्तावीस.

“आनि तुमच्या कम्प्युटरनं काय केला,” तो म्हणाला, “काडायचं सोडून आनखी सा घातलं. तेरा नि सा येकोनीस. सोळाचा झाला येक शेर, राह्यलं तीन. तीन शेर तीन. तेहतीस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो मला खरोखर समजावून देत होता, इतका की मला कळलं नसेल अशी त्याला काळजी वाटत होती. समजला का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

 बाईंनी कागद उलटा केला, कोरी बाजू वर आली. पेन्सिल माझ्या हातात दिली. त्या दिवशी डोंबिवलीला निघाल्यापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“आता तू करून दाखव,” त्या म्हणाल्या.